मीटिंगा लेखीच राहू द्या : समन्वय समितीला खुलं पत्र

समन्वय समितीच्या सर्व सदस्यांना,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यापासून आपली साप्ताहिक मीटिंग दर रविवारी सकाळी ११ वाजता व्हिडिओवर होणार, आयआरसीवरची (इंटरनेटवरच्या जुन्या, फक्त अक्षरांत चालणाऱ्या चॅट व्यवस्थेवरची) आपली खोली बंद होणार आणि बाकीची सगळी चर्चा एका कंपनीच्या चॅट सेवेच्या फुकट प्लॅनवर जाणार, असा निर्णय तुम्ही मेलने कळवलात. हा निर्णय मला मान्य नाही. तो घेताना पुण्याबाहेरच्या कुणालाही विचारलं गेलं नाही, हे तर अजिबातच मान्य नाही.

उघड पत्र लिहिण्याला कारण आहे. आपण मराठीसाठी शुद्धलेखन तपासनीस बनवतो. आपला शब्दसंग्रह घेतलेला माणूस लिबरऑफिसमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये मराठी लिहीत असतो तेव्हा कोणत्या शब्दाखाली लाल रेघ यावी आणि कोणत्या शब्दाखाली येऊ नये, हे आपल्या मीटिंगांमध्ये ठरतं. ते कुणी, कधी, कशाच्या आधारावर ठरवलं हे पाहायचा हक्क त्या माणसाला आहे. शिवाय मराठीत फाँट, कीबोर्ड, भाषांतर असं काम करणारे गट आता एका शहरात बसून चालत नाहीत. कुणी पुण्यात, कुणी नांदेडला, कुणी पणजीला, कुणी जर्मनीत. आज आपल्यासमोर आहे तो प्रश्न उद्या त्यांच्यासमोरही येणार आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात राहते आणि शब्दसंग्रह गटात काम करते. आमच्याकडे एकाच कंपनीची रेंज धड मिळते. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो आणि लाईट गेली की काही वेळाने टॉवरही बंद पडतो. तरीही आत्ताच्या, गुरुवारी रात्री साडेनऊच्या लेखी मीटिंगला मी हजर राहू शकते, कारण अक्षरांपुरती रेंज बहुतेक वेळा मिळते. मधे तुटली तर परत जोडून घेते, नोंदीत मागचं वाचते आणि चर्चा जिथे असेल तिथून पुढे बोलते. व्हिडिओवर हे जमत नाही. तिथे तुटलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला "मघाशी काय झालं?" असं विचारावं लागतं आणि चारचौघांना थांबवून असं विचारायला नवा माणूस धजत नाही.

आपल्या लेखी मीटिंगा कशा चालतात हे बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. खोलीत मीटबॉट नावाचा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, असतो. सूत्रसंचालकाने मीटिंग सुरू केली की तो नोंद घ्यायला लागतो. विषय बदलला की विषयाची आज्ञा द्यायची, निर्णय झाला की निर्णयाची, काम कुणाच्या गळ्यात पडलं की नावासकट कामाची. मीटिंग संपवली की लगेच दोन पानं तयार होतात. एकावर फक्त विषय, निर्णय आणि कामं, दुसऱ्यावर सगळं संभाषण ओळीन्‌ओळ आणि वेळेसकट. इतिवृत्त लिहायला कुणाला बसावं लागत नाही. डेबियन, ओपनस्टॅक यांसारख्या मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांनी याच पद्धतीने वर्षानुवर्षं मीटिंगा घेतल्या आहेत.

आता आमच्या कामातलं एक उदाहरण देते, कारण त्याशिवाय माझं म्हणणं पुरतं कळणार नाही. "ऱ्हस्व" हा शब्द मराठी माणूस संगणकावर दोन प्रकारे लिहितो. एक प्रकार म्हणजे युनिकोडमधला (संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीतला) मराठीसाठीचा वेगळा ऱ (क्रमांक ०९३१), हलन्त आणि ह. दुसरा म्हणजे साधा र (०९३०), हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तपासनिसाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका वापरकर्त्याची तक्रार आली की "ऱ्हस्व" बरोबर लिहूनही खाली लाल रेघ येते. मीटिंगमध्ये मी त्याचा शब्द जसाच्या तसा चिकटवला आणि त्याखाली आपल्या यादीतला. लातूरच्या सहकाऱ्याने दोन्ही उचलून क्रमांक काढले, मधला झेडडब्ल्यूजे सापडला आणि तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एकच करून घ्यायची असा निर्णय त्याच मीटिंगमध्ये नोंदला गेला. पुढे "ॲ"च्या बाबतीत तशीच तक्रार आली. तिथेही एक अक्षर स्वतंत्र क्रमांकाचं आहे आणि दुसरं अ आणि अर्धचंद्र जोडून केलेलं. त्या वेळी जुनी नोंद शोधली आणि काम लगेच झालं. हीच चर्चा व्हिडिओवर झाली असती तर मी पडद्यावर दोन सारखे शब्द दाखवून "हे वेगळे आहेत" एवढंच म्हणू शकले असते. आपलं कामच अक्षरांचं आहे. ते अक्षरांतच बोलायला हवं.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. रविवारी सकाळी ११ ही वेळ पुण्यात सोयीची आहे. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतरचे दीड आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. जर्मनीतल्या सहकाऱ्याला वर्षातले काही महिने सकाळी साडेसहाला उठून कॅमेऱ्यासमोर बसावं लागेल. भारतात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, तिकडे करतात, आणि अमेरिका आणि युरोप तेही एकाच तारखेला करत नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काही आठवडे सगळंच बिघडतं. गुरुवार रात्री साडेनऊ ही वेळ आपण भांडून, सगळ्यांची घड्याळं समोर ठेवून ठरवली होती. न्यू जर्सीतली सहकारी तेव्हा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत डबा खाताखाता टाइप करते. टाइप ती करू शकते. त्याच टेबलावर बसून शुद्धलेखनाच्या नियमांवर मराठीत वाद घालणं तिला शक्य नाही.

दुसरी तक्रार डेटाची. व्हिडिओ मीटिंगला सेकंदाला एक मेगाबिट लागतो असं धरलं तर तासाला सुमारे ४५० एमबी होतात. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असलेल्या विद्यार्थ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका मीटिंगमध्ये जातो. लेखी मीटिंगची तासाभराची संपूर्ण नोंद शंभर केबीतही मावते. "व्हिडिओ बंद ठेवून ऐका" असं तुम्ही सुचवलंत. मग आमच्या घरचं कुकर, कुत्रं, पत्र्यावरचा पाऊस हे सगळं ऐकायची तुमची तयारी हवी, किंवा आम्ही नुसतं ऐकायचं.

तिसरी तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते. आपल्यातला एक जण दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरून काम करतो. आणखी एकाला कमी ऐकू येतं. लेखी मीटिंगमध्ये हे दोघं बरोबरीने बोलतात. इतके की नवीन आलेल्यांना कित्येक दिवस त्यांच्याबद्दल काही माहीतही नसतं. व्हिडिओवर पहिल्याला "हे बघा, मी स्क्रीन शेअर केलीय" याचा काडीचा उपयोग नाही. दुसऱ्याने कॅप्शनवर विसंबायचं म्हटलं, तर आपलं मराठीत सुरू होऊन इंग्रजीत संपणारं वाक्य त्या कॅप्शनला झेपत नाही, हे आपण चाचणी मीटिंगमध्ये पाहिलं आहे. इतकं पाहूनही निर्णय तसाच राहिला, याचं मला फार वाईट वाटलं. या दोघांशी बोलल्याशिवाय असा निर्णय घ्यायचा अधिकार समितीला आहे असं मी मानत नाही.

चौथी, रेकॉर्डिंगची. "जे येऊ शकणार नाहीत त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग टाकू" असं मेलमध्ये म्हटलं आहे. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये "अनुस्वाराचं काय ठरलं" हे कुठे शोधायचं? पूर्ण ऐकावं लागतं, आणि ऐकेपर्यंत निर्णय अंमलात आलेला असतो. मीटिंगला नसलेल्या माणसालाही आपलं म्हणणं मांडता आलं पाहिजे. लेखी नोंद असली की तो दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर बोट ठेवून "इथे मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांशी विसंगती आहे" असं लिहू शकतो. शिवाय घराच्या आतलं चित्र, मागून जाणारी माणसं, चेहरे, हे सगळं कायमचं साठवून ठेवायला सगळ्यांची परवानगी घेतली आहे का? माझी घेतलेली नाही.

आता चॅट सेवेविषयी. तिचं नाव इथे घेत नाही, कारण तिच्या जागी दुसरी कंपनी आली तरी माझा आक्षेप हाच राहील. फुकट प्लॅन ही कंपनीची मर्जी असते. स्लॅक या चॅट सेवेचंच पाहा. आयआरसीवरून स्लॅकमध्ये बोलता यावं अशी सोय होती, ती मे २०१८ मध्ये बंद केली. फुकट प्लॅनमध्ये आधी शेवटचे १०,००० संदेश दिसत. सप्टेंबर २०२२ पासून फक्त मागचे ९० दिवस दिसू लागले. ऑगस्ट २०२४ पासून फुकट प्लॅनवरचा वर्षाहून जुना मजकूर पुसायलाच सुरुवात झाली. जून २०२५ मध्ये कुबरनेटीससारख्या प्रचंड मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला काही दिवसांच्या मुदतीत सांगितलं गेलं की तुमची जागा आता फुकट प्लॅनवर जाणार. पुढे कंपनीने तो निर्णय मागे घेतला. पण आपल्यासारख्या मूठभर लोकांच्या मराठी प्रकल्पासाठी कुणी निर्णय मागे घेईल का? हिपचॅट ही चॅट सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद झाली. गूगलचं हँगआउट्स नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलं, स्काइप मे २०२५ मध्ये. यातल्या कुठल्याही कंपनीने वाईट हेतूने काही केलं असं मला म्हणायचं नाही. धंदा त्यांचा आहे. आपल्या निर्णयांची नोंद मात्र आपली आहे, आणि "ऱ्हस्व"चं काय ठरलं होतं हे आपल्याला ९० दिवसांनी नाही, दहा वर्षांनी लागणार आहे.

समितीतल्या एकांनी मला उलट विचारलं की आयआरसीवर तरी कुठे सुरक्षित होतं, २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसीच्या मोठ्या जाळ्याचं काय झालं? प्रश्न रास्त आहे. मे २०२१ मध्ये फ्रीनोडच्या ताब्यावरून वाद झाला, तिथले बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट हे नवं जाळं सुरू केलं. पण त्यानंतर काय झालं तेही पाहा. उबुंटू, विकिमीडिया यांच्यासारखे मोठे समुदाय थोड्याच काळात तिकडे हलले. लोकांनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचं नाव बदललं, खोलीचं नाव नोंदवलं आणि काम सुरू झालं. बॉट तेच, नोंदी आपल्याकडेच. आयआरसी हे कुणा एकाचं दुकान नाही. १९८८ मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात ते जन्मलं आणि १९९३ पासून त्याचे नियम उघड छापलेले आहेत. म्हणूनच घरमालकाशी बिनसलं तरी सामान उचलून बाहेर पडता आलं.

तरीही आयआरसीच राहिलं पाहिजे असा माझा हट्ट नाही. त्याच्या अडचणी मी रोज सोसते. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइट्सपर्यंतच जातो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं, मात्रा आणि अनुस्वार धरून. त्यामुळे इंग्रजीत चार ओळी लिहिणाऱ्याच्या जागेत मराठी माणसाचं वाक्य दीडशेच्या आसपास चिन्हांवर मध्येच कापलं जातं आणि शेवटचं अक्षर कधीकधी चौकोन होऊन येतं. फोनवर ते गैरसोयीचं आहे. आपण जोडलेलो नसताना झालेलं बोलणं आपोआप दिसत नाही, त्यासाठी बाउन्सर (आपल्या वतीने सतत जोडलेला राहणारा प्रोग्राम) लावावा लागतो, आणि नव्याने येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी "आधी बाउन्सर लावा" सांगणं म्हणजे त्यांना दारातून परत पाठवणं आहे. नव्या मुलांना आयआरसी जुनाट वाटतं ही समितीची तक्रार मला पटते. बदल हवाच आहे. मला आक्षेप आहे तो बदलाच्या दिशेला आणि तो ज्या पद्धतीने लादला गेला त्याला.

हे नीट कसं करता येतं याचं उदाहरण समोर आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने वीसेक वर्षं चालवलेला स्वतःचा आयआरसी सर्व्हर बंद करायचं २०१९ मध्ये ठरवलं. आधी त्यांनी गरजा उघडपणे लिहिल्या. दिव्यांगांना वापरता येणं ही त्यातली अट होती. मग मॅटरमोस्ट, मॅट्रिक्स, रॉकेट चॅट आणि स्लॅक या चार साधनांची चाचणी घेतली, लोकांना वापरून पाहायला दिलं, मतं मागवली, आणि वर्षअखेरीला मॅट्रिक्स निवडलं. जुना सर्व्हर बंद झाला तो मार्च २०२० मध्ये. फेडोरा या लिनक्स प्रकल्पानेही २०२३ मध्ये मीटिंगा आयआरसीवरून मॅट्रिक्सवर नेल्या, पण नोंद घेणारा बॉट सोबत घेऊन.

आपल्यासाठी माझ्या मते दोन पर्याय खरे आहेत. एक मॅट्रिक्स, म्हणजे कुणा एका कंपनीच्या सर्व्हरला न बांधलेली खुली चॅट व्यवस्था. ते कुठल्याही सर्व्हरवर चालतं, स्वतःचाही उभा करता येतो, देवनागरी कापली जात नाही, मागचं बोलणं दिसतं. त्याची अडचणही सांगायला हवी. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मेसेजिंग ॲपवर बंदी घातली, त्यात मॅट्रिक्ससाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं एलिमेंट हे ॲपही होतं. मॅट्रिक्ससाठी दुसरी ॲप आहेत, पण खेड्यातल्या नव्या सदस्याला हे समजावून सांगताना काय त्रास होईल याचा विचार आधी करावा लागेल. दुसरा पर्याय झुलिप हे चॅटचं साधन. त्यात चर्चा विषयवार लावलेली असते, त्यामुळे "अनुस्वार" आणि "पुढचं रिलीज" ही बोलणी एकमेकांत गुंतत नाहीत. चार दिवसांनी आलेला माणूस हव्या त्या विषयात शिरून उत्तर देऊ शकतो. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, सगळा मजकूर बाहेर काढता येतो आणि निवडक चर्चा खातं न उघडता कुणालाही वाचता येतील अशा ठेवता येतात. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या गटांचं बरंच काम त्यावर चालतं. माझा कल झुलिपकडे आहे. पण माझा कल म्हणजे निर्णय नव्हे, आणि तुमचाही नव्हे.

व्हिडिओला माझा सरसकट विरोध नाही. नव्या लोकांची ओळख, एखादं प्रशिक्षण, वर्षातून एकदा सगळ्यांनी एकमेकांना पाहणं, यासाठी तो जरूर असावा. त्यात आनंदही आहे. त्यासाठी जित्सीसारखं मुक्त साधन आहे. फक्त तिथे काही ठरवू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत. रविवारच्या व्हिडिओ मीटिंगचा निर्णय स्थगित करावा आणि तोवर गुरुवारची लेखी मीटिंग बॉटसकट चालू ठेवावी. साधन निवडण्याआधी गरजांची यादी उघड करावी, आणि स्क्रीन रीडर, कमी रेंज, देवनागरी, उघड आणि शोधता येणारी नोंद, मजकूर बाहेर नेण्याची सोय या पाच गोष्टी तिच्यात अटी म्हणून असाव्यात. निदान दोन साधनं प्रत्येकी महिनाभर वापरून पाहावीत आणि आपल्या दृष्टिहीन आणि कमी ऐकू येणाऱ्या सहकाऱ्यांच्या होकाराशिवाय कुठलंही साधन पक्कं करू नये. बोलून झालेली कुठलीही चर्चा लेखी मांडून सगळ्यांना उत्तर द्यायला किमान ७२ तास मिळाल्याशिवाय तिला निर्णय म्हणू नये. आणि आयआरसीवरच्या आजवरच्या सगळ्या नोंदी खोली बंद होण्याआधी आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर, आजच्याच पत्त्यांसकट जतन कराव्यात. आपल्या कोडमध्ये जागोजागी त्या नोंदींचे दुवे दिलेले आहेत. ते मेले तर अमुक शब्द यादीत का आहे हे पुढच्या माणसाला कळायचा रस्ताच राहणार नाही.

शेवटच्या मागणीचं काम मी करायला तयार आहे. नोंदी उतरवून घ्यायला मला सर्व्हरवर प्रवेश लागेल, आणि झुलिपची चाचणी उभी करायला आपल्या डोमेनखाली एक सबडोमेन. एवढं दिलंत तर देखभालीची जबाबदारी मी आणि लातूरचे दोघं मिळून घेऊ, तसं त्यांच्याशी बोलून झालं आहे. उत्तर कृपया मला एकटीला न पाठवता सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर द्यावं.

आपली,
शब्दसंग्रह गटातली एक सदस्य